जुनी मैत्रीण बडोद्याला येते तेव्हा : एक निवांत दिवस कसा आखावा

नोकरीच्या निमित्ताने बडोद्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबात पहिल्या वर्षभरातच एखादा फोन येतो. शाळेतली किंवा कॉलेजातली जुनी मैत्रीण कळवते की ती अमुक तारखेला येते आहे आणि एक पूर्ण दिवस तिने आपल्यासाठी ठेवला आहे. आनंद तर होतोच, पण तिला काय काय दाखवायचे हा प्रश्नही त्याच क्षणी मनात उभा राहतो. माझी साताऱ्याची वर्गमैत्रीण पहिल्यांदा आली तेव्हा मी याच प्रश्नापासून सुरुवात केली आणि दिवस हातचा घालवला. पहाटे उठून मोटारीने केवडिया गाठले, भर उन्हात सरदार पटेलांचा पुतळा पाहिला, परत येऊन राजवाड्याकडे धाव घेतली तर तिकीटखिडकी बंद होण्याची वेळ झालेली. रात्री तिची गाडी सुटल्यावर माझ्या ध्यानात आले की तिची आई मागच्या वर्षी गेली हे तिने मला वाटेत, एका वाक्यात सांगितले होते, आणि वळण चुकू नये म्हणून फोनवरच्या नकाशात डोके घातलेल्या मी त्यावर पुढे काही विचारलेच नव्हते.

त्यानंतर ती पुन्हा दोनदा आली, इतरही मैत्रिणी आल्या, यजमानांचे मित्र आले. प्रत्येक वेळी दिवसाची आखणी थोडी थोडी बदलत गेली, आणि आता जी पद्धत बसली आहे ती इथे क्रमाने लिहीत आहे. लिहिताना सोयीसाठी ‘मैत्रीण’ म्हटले असले, तरी मित्र येणार असेल तरीही सगळे तसेच लागू आहे.

१. ती निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या

दिवस कोणता हे सर्वांत आधी पाहावे. लक्ष्मी विलास राजवाडा आणि त्याच्याच आवारातले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यामुळे राजवाडा पाहण्याची इच्छा असेल तर सोमवार टाळावा. केवडियाचा पुतळाही सोमवारी बंद असतो. सणासुदीच्या सरकारी सुट्ट्यांना कमाटी बागेतले सरकारी संग्रहालय उघडे असेल असे गृहीत धरू नये.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. आपल्या वयाच्या मैत्रिणीला गुडघेदुखी आहे का, जिना चढवतो का, दुपारी आडवे व्हावे लागते का, गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा कोणत्या, हे संकोच न करता विचारावे. समोरचे माणूस हे आपणहून सांगत नाही आणि मग दिवसभर निमूटपणे पाय ओढत चालत राहते.

तिसरी गोष्ट ऋतूची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि अकरा ते पाच घराबाहेर पडणे शहाणपणाचे नसते. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली की शहराचे सखल भाग पाण्याखाली जातात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये येणार असेल तर आदल्या दिवशी बातम्या पाहून ठेवाव्यात. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यामुळे दुचाकीवरून फिरणे धोक्याचे असते. त्या दिवसांत दुचाकी घरीच ठेवावी. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरब्याच्या गर्दीने रस्ते भरलेले असतात. परतीची गाडी रात्रीची असेल तर तासभर आधी निघावे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मित्रमंडळींना आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितलेली बरी. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. रेल्वेने येताना सामानात बाटली आणणे हा गुन्हा ठरतो. बाहेरच्या राज्यातील पाहुण्यांसाठी परवान्याची सोय आहे, परंतु एका दिवसाच्या भेटीसाठी त्या खटपटीत पडू नये असे माझे मत आहे.

२. जवळ ठेवायची कागदपत्रे आणि वस्तू

– दोघींचे ओळखपत्र. आधारकार्ड पुरते, विद्यापीठाच्या आवारात किंवा लष्करी हद्दीतील मंदिरात जायचे मनात आले तर ते विचारले जाऊ शकते.
– सुटे पैसे. रिक्षा, बागेबाहेरचा चहा आणि फुलबाजार यांसाठी दहा-वीसच्या नोटा असाव्यात.
– पाण्याच्या दोन बाटल्या, उन्हाळ्यात टोपी आणि छत्री.
– काढता-घालता येतील अशा चपला, कारण कीर्ती मंदिरात आणि देवळांत त्या बाहेर ठेवाव्या लागतात.
– बाकावर अंथरण्यासाठी एखादी जुनी चादर.
– आपल्याकडे असतील तर जुने फोटो. वर्गाचा सामूहिक फोटो, स्नेहसंमेलनाचा फोटो, कुणाच्या लग्नातला फोटो असे चार-पाच कागदी फोटो पाकिटात घालून न्यावेत. फोनमध्ये साठवलेले फोटो दाखवताना बोट पुढेपुढे सरकत राहते. कागदी फोटो हातात धरला की एकेका चेहऱ्यावर थांबून बोलणे होते.

३. स्टेशनवर घ्यायला जाताना

बडोदे स्टेशनला दोन बाजू आहेत. पूर्वेकडची सयाजीगंजची बाजू मुख्य आहे आणि एसटी स्थानकही तिकडेच आहे; पश्चिमेला अलकापुरीकडचे प्रवेशद्वार. नव्या माणसाची इथे हमखास गफलत होते. एकजण सयाजीगंजला उभा, दुसरा अलकापुरीला, आणि फोनवर दोघेही ‘मी बाहेरच उभी आहे’ असे सांगत असतात. यावर साधा उपाय म्हणजे फलाटाचे तिकीट काढून आपणच डब्यापाशी जावे. जुन्या मैत्रिणीला डब्याच्या दारात आपण दिसायला हवे, हेही त्यामागे आहेच.

मीटरप्रमाणे भाड्याचा आग्रह इथे फारसा चालत नाही, म्हणून रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवावे किंवा फोनवरून रिक्षा मागवावी. सामान मोठे असेल तर आधी घरी जावे. तिला अंघोळ करून, कपडे बदलून, खिडकीपाशी बसून अर्धा तास नुसता चहा घेऊ द्यावा. या अर्ध्या तासात दिवसाचा कार्यक्रम सांगायला सुरुवात करू नये.

४. सकाळ : कमाटी बाग

सरकारी नाव सयाजी बाग असले तरी सगळे गाव तिला कमाटी बागच म्हणते. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८७९ मध्ये ती शहरासाठी खुली केली. स्टेशनपासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि वाटेत काळा घोडा नावाचा चौक लागतो. तिथे घोड्यावर बसलेल्या सयाजीरावांचा पुतळा आहे. कुणाला भेटायचे ठिकाण सांगायचे असेल तर काळा घोडा म्हणावे, चुकामूक होत नाही.

निवांत दिवसाची सुरुवात इथेच करावी असे मी आग्रहाने सांगते. घरात दोन मैत्रिणी समोरासमोर बसल्या की पहिला तास मुलांची शिक्षणे, नोकऱ्या, घरांच्या किमती अशा ठरीव माहितीत जातो. शेजारी शेजारी चालताना तसे होत नाही. नजर समोरच्या झाडावर असते, मधेच कुणी काही बोलत नाही, आणि मग फोनवर वर्षानुवर्षे न निघालेली गोष्ट आपोआप निघते. माझ्या मैत्रिणीने आईच्या आजारपणाची सगळी हकीकत दुसऱ्या भेटीत मला याच बागेत सांगितली, तेव्हा आम्ही एकाच वाटेवरून चार वेळा फिरलो होतो.

बागेत वडाची जुनी झाडे भरपूर आहेत. शहराचे वडोदरा हे नावही वडावरूनच आले असे मानतात. शक्यतो साडेसहा-सातला पोचावे. नऊनंतर शाळांच्या सहली आणि लहान मुलांची गर्दी सुरू होते. मुलांच्या आगगाडीच्या बाजूला न जाता नदीकडच्या वाटा धराव्यात.

इथे एक सूचना गंभीरपणे घ्यावी. विश्वामित्री नदी बागेतून वाहते आणि शहरातल्या तिच्या पात्रात मगरी खरोखरच आहेत. थंडीत पुलावरून पाहिले तर काठावर ऊन खात पडलेली मगर दिसू शकते आणि पाहुण्यांना त्याचे मोठे अप्रूप वाटते. पाहायचे ते पुलावरूनच. फोटोसाठी काठावर उतरू नये, पाण्याजवळच्या गवतात बसू नये.

५. नाश्ता : शेव-उसळ

बडोद्याची शेव-उसळ आपल्या मिसळीची नातलग असली तरी वेगळी आहे. सुक्या वाटाण्याची पातळ उसळ, वर जाड शेव, चिरलेला कांदा आणि पात, सोबत पाव, आणि झणझणीत तरी वेगळी दिलेली असते. तरी आपल्या हाताने घालून घ्यायची असल्यामुळे ज्यांना तिखट सोसत नाही त्यांचीही सोय होते. कोल्हापूर-पुण्याकडची मैत्रीण असेल तर मिसळीशी तुलना होणारच आणि त्यावर पंधरा-वीस मिनिटे मनापासून वाद होईल; तो होऊ द्यावा. मात्र गर्दीच्या गाड्यावर उभ्याने खाण्यापेक्षा बसण्याची सोय असलेले दुकान निवडावे. थंडीच्या दिवसांत पोंक मिळतो, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. शेवेबरोबर तो अवश्य खायला घालावा.

६. पाहायचे ते एकच ठिकाण निवडा

सबंध दिवसात तिकीट काढून पाहण्याचे ठिकाण एकच ठेवावे, हा नियम मी स्वतःसाठी घालून घेतला आहे. तीन पर्याय देते. मैत्रिणीचा स्वभाव पाहून त्यांतला एक निवडावा.

पहिला पर्याय लक्ष्मी विलास राजवाड्याचा. १८९० मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मेजर चार्ल्स मँट यांनी आखली आणि त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी पुरी केली. गायकवाड कुटुंब आजही तिथे राहत असल्यामुळे पाहुण्यांना काही दालनेच पाहता येतात आणि आत फोटो काढता येत नाहीत. दरबार हॉल भव्य आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तिकिटाबरोबर कानाला लावायचे माहिती सांगणारे यंत्र मिळते, आणि दोघी आपापल्या कानात निवेदन ऐकत तासभर एकमेकींच्या शेजारून मुक्याने चालत राहतात. राजवाडा पाहायचाच असेल तर हे यंत्र एकीनेच लावावे आणि ऐकलेले दुसरीला आपल्या शब्दांत सांगावे. त्यात चुका होतात, पण गप्पाही होतात.

दुसरा पर्याय त्याच आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयाचा, आणि मराठी पाहुण्यांसाठी मी बहुतेक वेळा हाच निवडते. सयाजीरावांनी राजा रविवर्मा यांच्याकडून करवून घेतलेली मूळ तैलचित्रे इथे आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी देवघरात किंवा ओसरीवर रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती टांगलेली असे. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला होता. लहानपणी धुराने काळवंडलेल्या काचेमागे पाहिलेला तो चेहरामोहरा इथे खऱ्या रंगात समोर आला की दोघींनाही आपापले आजोळ आठवते. आम्ही दोघी तिथे एका चित्रापुढे उभ्या राहून तिच्या आजीच्या वाड्यातला फडताळाचा कोपरा कसा होता याविषयी बोलत राहिलो, आणि उरलेले दालन भराभर पाहून बाहेर आलो.

तिसरा पर्याय कीर्ती मंदिराचा. गायकवाड घराण्यातील दिवंगतांच्या स्मृतीसाठी सयाजीरावांच्या काळात बांधलेली ही वास्तू कमाटी बागेच्या जवळच, विश्वामित्रीच्या पुलापाशी आहे. आतल्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भित्तिचित्रे रंगवली : गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारताचे युद्ध आणि रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरचे ‘नटीर पूजा’. इथे गर्दी नसते आणि आवाज नसतो. ज्या मैत्रिणीच्या घरी अलीकडेच दुःखद घटना घडली असेल तिला राजवाड्याऐवजी इथे न्यावे.

बागेतले बडोदे संग्रहालयही उत्तम आहे. १८९४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत इजिप्तची ममी, निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. मात्र ते पाहायला निम्मा दिवस लागतो. सोबत मुले असतील तरच ते निवडावे.

७. दुपार घरी

पाहुणीला प्रसिद्ध गुजराती थाळी खायला घालावी असे सर्वांनाच वाटते. एका दिवसाच्या भेटीत तरी ते मला पटत नाही. थाळीच्या ठिकाणी दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी फरसाण, कढी, पुरणपोळी वाढायला येते, प्रत्येक वेळी हो-नाही करावे लागते, आणि एकही वाक्य पुरे होत नाही. शिवाय बाहेर रांग लावून उभी असलेली माणसे आपल्या उठण्याची वाट पाहत असतात. घरी वरण-भात, एखादी भाजी, कोशिंबीर आणि ताक एवढेच करावे. निम्मा स्वयंपाक सकाळी करून ठेवावा. उरलेला मैत्रिणीच्या हातभाराने करावा, तिला ओट्यापाशी उभे राहू द्यावे. ‘तू बस, तू पाहुणी आहेस’ असे म्हणून बैठकीत एकटीला बसवू नये.

जेवणानंतर तासभर झोप. ही झोप वगळू नये. रात्रभर प्रवास करून आलेले माणूस झोपेशिवाय संध्याकाळी चिडचिडे होते आणि दोष मात्र शहराला दिला जातो.

घरच्या माणसांशीही आधी बोलून ठेवावे. यजमानांनी, मुलांनी जेवताना जरूर गप्पा माराव्यात, पण नंतरचे तास दोघींचे असू द्यावेत. शेजाऱ्यांना भेटवणे, नवे फर्निचर दाखवणे, तिच्या दूरच्या नातेवाइकांकडे ‘उभ्या उभ्या’ जाऊन येणे, यांत संध्याकाळ कशी संपते हे कळतही नाही.

८. संध्याकाळ : रावपुरा, दांडिया बाजार, सुरसागर

चारच्या सुमारास जुन्या शहराकडे निघावे. मोटार नेऊ नये. गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावण्याच्या चिंतेत बोलणे तुटते. रिक्षाने रावपुऱ्यात उतरावे.

मराठी पाहुणी इथे हमखास विचारते की गुजरातेत इतक्या मराठी पाट्या आणि आडनावे कशी. थोडक्यात उत्तर असे, की १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि राज्यकारभाराबरोबर कारकून, शास्त्री, वैद्य, गवई अशी घराणी इथे येऊन स्थिरावली. स्वतः सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. १८७५ मध्ये दत्तक येऊन ते गादीवर बसले आणि १९०६ मध्ये त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच शहरात भरले होते.

या उत्तराचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत : कृष्णलीला, महाभारत, लढाया, पगडीधारी मंडळी आणि टोपीवाले साहेबसुद्धा. जिना अरुंद आणि उभा आहे. गुडघे दुखत असतील तर खालूनच वाडा पाहून पुढे जावे. रखवालदार नसेल तर दार बंद मिळते, तेव्हा त्यासाठी मन घट्ट करून जावे आणि बंद असल्यास हळहळत बसू नये.

जवळच दांडिया बाजारात श्री अरविंद ज्या घरात राहत ते घर आहे. १८९३ ते १९०६ ही तेरा वर्षे ते बडोदे संस्थानाच्या सेवेत होते. तिथे शांत बसता येते. देवळात जाणाऱ्या मैत्रिणीला मांडवीच्या विठ्ठल मंदिरात न्यावे; कार्तिकी एकादशीला तिथून विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, आणि पंढरीच्या वारीची सवय असलेल्या माणसाला हा गुजराती शब्दातला विठोबा पाहून बरे वाटते. फुलांची आवड असेल तर खंडेराव मार्केटकडचा फुलबाजार आहे. हे सारे एका संध्याकाळी करायचे नाही. यांतली दोन ठिकाणे पुरेत.

दिवेलागणीला सुरसागर तलावाकाठी यावे. तलावाच्या मधोमध १११ फूट उंच शिवमूर्ती आहे आणि अंधार पडल्यावर तिच्यावर दिवे सोडतात. कडेने फेरी मारायला फार वेळ लागत नाही. दिवसभराच्या बोलण्यात राहून गेलेले, विचारावे की नाही अशा शंकेने मागे ठेवलेले प्रश्न इथे विचारावेत. मीही तिसऱ्या भेटीत इथेच तिला पहिल्या वेळच्या त्या मोटारीतल्या वाक्याबद्दल विचारले. तिला ते आठवत होते.

९. केवडिया आणि पावागडचा आग्रह झाला तर

केवडियाचा १८२ मीटर उंचीचा पुतळा बडोद्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेले चांपानेर-पावागड सुमारे ५० किलोमीटरवर. दोन्ही पाहण्याजोगी आहेत, पण त्यांतले एकही या दिवसात बसत नाही. मैत्रीण आग्रह करू लागली तर मुक्काम एक दिवसाने वाढवायला सांगावे. वाढवता येत नसेल तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे.

१०. निरोपाची तयारी

सोबत द्यायचा खाऊ त्याच संध्याकाळी घ्यावा. बडोद्याचा लीलो चिवडो, म्हणजे ओलसर, आंबटगोड हिरवा चिवडा, इथली खासियत आहे. मात्र ओलसर असल्यामुळे तो फार दिवस टिकत नाही, म्हणून घरी पोचल्यावर लगेच संपवायला सांगावा आणि थोडाच द्यावा. टिकाऊ हवे असेल तर भाकरवडी आणि पेढे द्यावेत. पाकिटे काचेसारखी जपावी लागणार नाहीत अशी पिशवीत सगळ्यांत वर ठेवावीत.

गाडीच्या वेळेपूर्वी पाऊण तास स्टेशनवर पोचावे. फलाटावर डबा कुठे येणार हे पाहून त्याच्या समोरचा बाक पकडावा, सामान पायापाशी ठेवावे आणि दोन चहा घ्यावेत. पुढच्या भेटीची तारीख बोलायची ती इथेच, गाडी येण्यापूर्वी. एकदा गाडी आली की मिनिटे फार थोडी असतात आणि ती जागा शोधण्यात जातात.